दमदारपणाची मोजणी : निवड चाचणीपासून सराव चाचणीपर्यंत
(नागझिरा परिसर व वनरक्षक भरतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :
1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याची ओळख धानाची शेती, तलाव आणि जंगल यांच्याशी निगडित आहे. नागझिरा हे अभयारण्य 1970 मध्ये घोषित झाले व डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. अशा वनप्रदेशात वनरक्षकाची नोकरी ही ग्रामीण युवकांच्या दृष्टीने स्थिर उपजीविकेची एक महत्त्वाची वाट आहे. मात्र ही वाट शारीरिक चाचणीतून जाते. महाराष्ट्रातील वनरक्षक भरतीत धावण्याच्या चाचणीबरोबरच पुरुष उमेदवारांना चार तासांत 25 किलोमीटर व महिला उमेदवारांना चार तासांत 16 किलोमीटर चालावे लागते. शारीरिक चाचणीचा जन्म कशासाठी झाला, तिचा उपयोग कसा बदलत गेला आणि त्या बदलाचा लाभ या उमेदवारांपर्यंत कसा पोहोचू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :
1. दमदारपणाच्या मापनाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
2. महाराष्ट्रातील निवड चाचण्यांचे स्वरूप तपासणे.
3. हौशी धावपटू व भरतीचे उमेदवार यांच्यासाठी सराव चाचणीची उपयुक्तता स्पष्ट करणे.

मापनाचा उगम व विकास :
मानवी दमाचे शास्त्रीय मोजमाप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल व त्यांचे सहकारी यांनी 1923 च्या सुमारास धावणाऱ्या माणसाचा प्राणवायूचा वापर मोजला. वेग वाढवत नेला तरी एका मर्यादेनंतर हा वापर वाढत नाही, असे त्यांनी मांडले. 'कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता' ही संकल्पना येथून रूढ झाली. परंतु हे मापन प्रयोगशाळेपुरते मर्यादित होते.

दुसऱ्या महायुद्धाने ही गरज बदलली. हजारो तरुणांची क्षमता अल्पावधीत तपासण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठात पायरी चाचणी तयार झाली. सुमारे 20 इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला 30 वेळा याप्रमाणे पाच मिनिटे चढउतार करायची व त्यानंतर नाडी मोजायची, असे तिचे स्वरूप होते. पुढे 1968 मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी 12 मिनिटांची धाव चाचणी प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत कापलेल्या मीटरमधील अंतरातून 504.9 वजा करून उरलेल्या संख्येस 44.73 ने भागले असता कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेचा अंदाज मिळतो. 2400 मीटर धावणाऱ्याची क्षमता या सूत्राने दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 42 मिलिलिटर येते. घड्याळ व मोजलेले मैदान एवढ्या साधनांवर ही चाचणी शक्य झाली.

या दोन्ही चाचण्या सैनिकी वातावरणात जन्मल्या ही बाब लक्षणीय आहे. सरावाचे मार्गदर्शन करणारा विचार दुसऱ्या दिशेने आला. फिनलंडमधील कार्व्होनेन व सहकाऱ्यांनी 1957 मध्ये सरावाची तीव्रता नाडीवरून ठरविण्याची रीत मांडली. कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा करायची, उरलेल्या संख्येचा ठरावीक हिस्सा घ्यायचा व त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवायची. विश्रांतीची नाडी 60 व कमाल नाडी 190 असल्यास 65 टक्के तीव्रतेची नाडी सुमारे 145 येते. अशा रीतीने, 'कोण योग्य' या प्रश्नाबरोबरच 'कोणी किती सराव करावा' या प्रश्नालाही मोजमापाचा आधार मिळाला.

महाराष्ट्रातील परंपरा :
महाराष्ट्रात वेळ नोंदवून क्षमता पारखण्याचे महत्त्वाचे उदाहरण पुण्याचे आहे. डेक्कन जिमखान्याच्या 1919 च्या क्रीडा मेळाव्यात अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण स्पर्धकांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या असल्याचे सर दोराबजी टाटा यांच्या ध्यानी आले. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी भारतीय चमू पाठविण्याचा उपक्रम आकारास आला. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. घड्याळाने येथे दुर्लक्षित गुण उजेडात आणला.

स्वातंत्र्योत्तर काळात 1959-60 पासून राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहिमेने चाचण्या सामान्य नागरिकांपर्यंत नेल्या. तथापि ग्रामीण युवकाचा चाचणीशी खरा संबंध येतो तो पोलीस, सैन्य व वन विभागाच्या भरतीतच. या पद्धतीची दुखरी बाजू जून 2014 मध्ये समोर आली. मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर अंतराचा फेरविचार झाला व 2019 च्या नियमांनुसार पुरुषांसाठी 1600 मीटर व महिलांसाठी 800 मीटर धाव ठेवण्यात आली. अंतर कमी केल्याने धोका घटतो. पण पूर्वतयारीचा प्रश्न शिल्लकच राहतो.

नागझिरा परिसर व चालण्याची चाचणी :
वनरक्षकाच्या कामात चालणे हा उपचार नव्हे. व्याघ्र गणनेच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक बीटमध्ये ठरावीक पायवाटा व रेषा सलग काही दिवस पायी तपासून खुणा नोंदवाव्या लागतात. एरवीची गस्तही मोठ्या प्रमाणात पायीच होते. त्यामुळे चालण्याची चाचणी कामाशी सुसंगत आहे.

चार तासांत 25 किलोमीटर म्हणजे ताशी 6.25 किलोमीटर. हा वेग अर्धा तास राखणे निरोगी तरुणास फारसे कठीण नाही. चार तास राखणे मात्र वेगळीच गोष्ट आहे. येथे फुप्फुसांच्या कमाल क्षमतेपेक्षा पायांचे स्नायू, पाण्याचे नियोजन, पादत्राणे आणि ऊन यांची कसोटी लागते. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हे ध्यानात घ्यावे लागते. म्हणून बारा मिनिटांच्या धावेत उत्तम ठरलेला उमेदवार चालण्यात यशस्वी होईलच असे नाही. चाचणी ज्या गुणाची, सराव त्याच गुणाचा असावा लागतो.

यावर स्वस्त व सोपा उपाय उपलब्ध आहे. अभयारण्याबाहेरील गावरस्त्यावर आठ किलोमीटरचे अंतर मोजून ठेवावे. चाचणीच्या वेगाने हे अंतर सुमारे 77 मिनिटांत पूर्ण होते. दर चार ते सहा आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच वेगाने चालून शेवटी नाडी मोजावी व वहीत नोंदवावी. वेग तोच राहून नाडी कमी होत गेली तर सराव लागू पडत आहे असे समजावे. नाडी वाढलेली आढळल्यास अपुरी विश्रांती, आजार किंवा वाढलेले ऊन यांचा विचार करावा. बहुतांश सराव सहज बोलता येईल अशा गतीने व थोडाच भाग जोरकस ठेवावा. रोज पूर्ण जोर लावणारा उमेदवार चाचणीआधीच थकतो. वयावरून काढलेली कमाल नाडी सरासरीवर आधारित असून व्यक्तिपरत्वे तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक पडू शकतो. म्हणून स्वतःच्या जुन्या नोंदींशी तुलना अधिक विश्वसनीय ठरते. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसताच सराव थांबवून वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
1. दमदारपणाच्या प्रमुख मैदानी चाचण्या सैनिकी गरजेतून जन्मल्या. सरावाचे साधन म्हणून त्यांचा वापर नंतर रुजला.
2. महाराष्ट्रातील भरतीत चाचणी अद्याप प्रामुख्याने एका दिवसाचा निवाडा म्हणूनच अनुभवास येते.
3. घड्याळ, मोजलेला रस्ता व वही एवढ्या साधनांवर नियमित सराव चाचणी शक्य आहे.
4. ग्रामीण महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी भरतीपूर्वी काही महिने अशा नोंदी ठेवण्यास मार्गदर्शन केल्यास उमेदवारांचे यश व सुरक्षितता या दोहोंस हातभार लागेल.

जंगल राखण्यासाठी निघालेला तरुण जंगलात पाऊल ठेवण्याआधीच रस्त्यावर कोसळू नये, एवढी दक्षता समाजाने व शिक्षणसंस्थांनी घेणे अगत्याचे आहे.