लॅपटॉपवरील चित्रफीत संपादनातील मंदगती

लॅपटॉपवर चित्रफितीचे संपादन करताना दृश्ये अडखळत दिसणे, आज्ञेला उशिरा प्रतिसाद मिळणे किंवा अंतिम फाईल तयार होण्यास फार वेळ लागणे, या स्थितीस संपादनातील मंदगती म्हणतात. हा एकच दोष नाही. चित्रफितीचे संकेतन, प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, रॅम, डिस्क आणि उष्णता यांपैकी जो घटक सर्वांत अपुरा पडतो, त्याच्या गतीने संपूर्ण काम चालते. त्यामुळे कारण न शोधता केलेला खर्च अनेकदा निरुपयोगी ठरतो. नागपूरसारख्या उष्ण हवामानाच्या शहरात उन्हाळ्यात उष्णता हे कारण विशेष महत्त्वाचे असते.

माहितीचा भार

४के चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीत ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात. फुल एचडी चौकटीच्या तुलनेत हे प्रमाण चौपट आहे. प्रत्येक चित्रबिंदूस ३ बाइट धरल्यास एक चौकट सुमारे २५ मेगाबाइटची होते आणि सेकंदाला २५ चौकटी या वेगाने दर सेकंदास सुमारे ६२२ मेगाबाइट माहिती हाताळावी लागते. एवढी माहिती साठवणे परवडत नसल्याने मोबाईल व कॅमेरे ती संक्षिप्त करतात. दर सेकंदास ५० मेगाबिट या दराने साठवलेली फाईल मूळ माहितीच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढी असते. संपादनाच्या वेळी ती पुन्हा उलगडण्याचे काम संगणकास करावे लागते.

संकेतनाचा परिणाम

एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) या प्रचलित संकेतन पद्धतींमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवली जात नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट असते आणि मधल्या चौकटींत मुख्यतः शेजारच्या चौकटींपेक्षा झालेला बदल नोंदवलेला असतो. त्यामुळे मधली एखादी चौकट दाखवण्यासाठी आधीच्या पूर्ण चौकटीपासूनची साखळी उलगडावी लागते.

चित्रफीत सुरुवातीपासून सलग पाहताना ही साखळी क्रमाने उलगडत जाते. संपादक मात्र पुढे-मागे उड्या घेतो, उलट दिशेने पाहतो आणि एकाच वेळी अनेक थर चालवतो. म्हणूनच जी फाईल प्लेअरमध्ये सुरळीत चालते तीच संपादन प्रणालीत अडखळते.

उलगडण्याचे काम हलके करण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र परिपथ दिलेले असतात. इंटेलची क्विक सिंक सुविधा २०११ पासून उपलब्ध आहे. तथापि सर्व प्रकारच्या फायलींना असे साहाय्य मिळत नाही. १०-बिट ४:२:२ प्रकारच्या एच.२६४ फायली अनेक लॅपटॉपवर केवळ मुख्य प्रोसेसरच्या बळावर उलगडल्या जातात.

उष्णता आणि नागपूरचे हवामान

अनेक लॅपटॉप प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मर्यादा जवळ येताच प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो. या क्रियेस थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. पंख्याद्वारे बाहेर टाकता येणारी उष्णता ही चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. खोलीचे तापमान २५ अंश असल्यास हा फरक ७५ अंशांचा, तर ४२ अंश असल्यास केवळ ५८ अंशांचा राहतो. स्थूल हिशेबाने प्रोसेसरला सतत वापरता येणारी शक्ती जवळपास चतुर्थांशाने घटते.

अनेक उत्पादक लॅपटॉप वापरण्यासाठी सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सांगतात. नागपुरात मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान सुमारे ४२ अंश असते. मे २०१३ मध्ये ते ४७.९ अंशांपर्यंत गेले होते. लग्नसराईतील चित्रीकरणाचे कामही उन्हाळ्यात येत असल्याने कामाचा भार आणि उष्णता यांचा जोर एकाच वेळी वाढतो.

विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीचे तापमान लक्षणीय कमी करतो. मात्र लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास त्यावर पाण्याचे तुषार येण्याचा धोका असतो. गादीवर ठेवल्याने बंद होणारी हवेची छिद्रे आणि पंख्यात साचलेली धूळ यांमुळेही उष्णता वाढते.

निदान

• पहिली काही मिनिटे काम सुरळीत चालून नंतर मंदावत असेल, किंवा तीच फाईल पहाटे अधिक वेगाने चालत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा.
• विशिष्ट कॅमेऱ्याच्याच फायली अडखळत असल्यास कारण संकेतनात असते.
• रॅम पूर्ण भरून डिस्क सतत चालू राहत असल्यास रॅम अपुरी असते.
• बाहेरील डिस्कवरील फायलीच मंद असल्यास जोडणी तपासावी. यूएसबी २.० ची कमाल गती दर सेकंदास ४८० मेगाबिट आहे.
• चार्जर काढल्यावर गती घटत असल्यास ती विजेच्या बचतीसाठी घातलेली मर्यादा असते.

प्रॉक्सी पद्धत

मूळ फायलींऐवजी त्यांच्या हलक्या प्रतींवर संपादन करणे यास प्रॉक्सी पद्धत म्हणतात. तिचे मूळ चित्रपटाच्या फिल्मयुगात आहे. त्या काळी मूळ निगेटिव्ह जपून ठेवत आणि तिच्यापासून काढलेल्या कामाच्या प्रतीवर कात्री चालवत. जुळणी निश्चित झाल्यावर त्यानुसार निगेटिव्ह कापली जाई. प्रॉक्सी पद्धतीतही अंतिम फाईल तयार करताना प्रणाली आपोआप मूळ फायली वापरते.

प्रॉक्सीसाठी डीएनएक्सएचडी (२००४) व प्रोरेस (२००७) या कुळांतील संकेतने वापरली जातात. त्यांत प्रत्येक चौकट स्वतंत्र असल्याने उलगडणे सोपे होते. त्याबदल्यात जागा लागते. फुल एचडी आकार व सेकंदाला २५ चौकटी असलेल्या प्रोरेस प्रॉक्सीचा दर सेकंदास सुमारे ३८ मेगाबिट असतो, म्हणजे तासाभराच्या चित्रणास सुमारे १७ गिगाबाइट जागा लागते. प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, दाविंची रिझॉल्व्ह आणि मुक्त स्रोत असलेले केडेनलाइव्ह यांत ही सोय आहे.

मर्यादा

प्रॉक्सीमुळे संपादन सुलभ होते, परंतु अंतिम फाईल तयार होण्याचा वेळ कमी होत नाही, कारण त्या वेळी मूळ फायलीच उलगडाव्या लागतात. प्रती तयार करण्यासही वेळ लागतो. त्यामुळे दोन-तीन मिनिटांच्या चित्रणासाठी पूर्वदृश्याची गुणवत्ता तात्पुरती घटवणे पुरेसे ठरते, तर अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेल्या लांब कार्यक्रमासाठी प्रॉक्सी उपयुक्त असते. दृश्याची सुस्पष्टता आणि रंग यांची अंतिम तपासणी मात्र मूळ फायलींवरच करावी लागते.

हेही पाहा

• चित्रपट संपादन
• व्हिडिओ संक्षेपण
• नागपूरचे हवामान