अदृश्य वाफेचा बंदोबस्त

जुलै १९४३ मध्यें लॉस एंजेलिस शहर एकाएकीं धुरकट धुक्यानें झांकून गेलें. डोळे झोंबूं लागले. युद्धाचे दिवस; शत्रूनेंच विषारी वायु सोडला कीं काय, अशी शंका लोकांस आली. शत्रु मात्र घरचाच होता. अननसाच्या स्वादाचें संशोधन करणारे पासाडेना येथील रसायनज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं १९५० नंतर लवकरच दाखवून दिलें कीं, पेट्रोलची न जळलेली वाफ व धुरांतील नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें जन्मतें.

ही वाफ उभ्या मोटारीच्या टांकींतूनही उडून जाई. टांकी घट्ट बंद करावी, तर उन्हानें आंत दाब वाढे, आणि पेट्रोल ओढलें गेलें कीं पोकळी होई. छिद्र ठेवावें, तर हवा बिघडे आणि आगीचेंही भय! हा पेंच सच्छिद्र कोळशाच्या एका डब्यानें सोडविला. मोटार उभी असतां कोळसा वाफ धरून ठेवी. इंजिन चालूं लागलें कीं त्यांतून ताजी हवा ओढली जाऊन ती वाफ इंजिनांतच जळे. टांकींतील वाफेचा बंदोबस्त कॅलिफोर्नियानें १९७० च्या, तर साऱ्या अमेरिकेनें १९७१ च्या नव्या मोटारींस सक्तीचा केला.

छिद्र कोणी बुजविलें नाहीं. त्याच्या तोंडाशीं राखणदार बसविला, इतकेंच.