सुवार्ता, शुभवर्तमान, वांजेल: ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी असलेली 'बातमी'

मराठी बायबलमध्ये पुस्तकाच्या नावात 'मत्तयकृत शुभवर्तमान' असं दिसतं आणि आतल्या मजकुरात 'सुवार्ता' हा शब्द येतो. अर्थ एकच, चांगली बातमी. मूळ ग्रीक शब्द 'युआंगेलिऑन'. कन्नड बायबलातही 'सुवार्ते' आहे, तर गोव्याच्या कोकणीत पोर्तुगीजमधून आलेलं 'वांजेल'.

यातला 'बातमी' हा अर्थ अनेकदा नजरेतून सुटतो. सुवार्ता म्हणजे येशूचे सुविचार, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५) पौल सुवार्ता सांगतो ती घडलेली गोष्ट म्हणून: ख्रिस्त माणसांच्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. पुढे तर तो म्हणतो की हे उठणंच खरं नसेल, तर सगळा विश्वास फुकट. इतकं सगळं एका घटनेवर टांगलेलं आहे. म्हणूनच 'येशू थोर गुरू होते' एवढ्यावर ख्रिस्ती माणसाचं भागत नाही.

हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमाराचं. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार लेखी शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासक त्यानंतरची मानतात. म्हणजे बातमी आधी तोंडी फिरली, पुस्तकं मागून आली.

कॅथलिक मिस्सेत शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात. कपाळ, ओठ आणि छातीवर क्रुसाची खूण करतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये भर प्रवचनावर. सोळाव्या शतकात लूथरचा वाद पेटला तोही याच बातमीवरून: तारण कमवायचं असतं, की विश्वासाने फुकट मिळतं?

मराठीत ही कथा फार लवकर आली. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! पोथ्या-पुराणं ऐकणाऱ्या लोकांना बातमी पुराणाच्याच रूपात दिली, हे त्यांचं शहाणपण. सेरामपूरहून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणलं. ना. वा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अर्धवट राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.