आधी शहर, मग गाव

मुंबई-पुणे सोडून सातारा, कोल्हापूर, सांगली किंवा कोकणात स्थायिक होण्यापूर्वी काय पाहावे?

निवृत्तीची रक्कम हाती पडली आणि मुले मार्गी लागली, की महानगरातील घर विकून एखाद्या टुमदार गावी जाऊन राहावे, हा विचार मराठी मध्यमवर्गाला नवा नाही. २०२० च्या करोना साथीनंतर घरून काम करता येणाऱ्या तरुण कुटुंबांचीही त्यात भर पडली. मात्र अशा कुटुंबांची शोधाशोध बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. दिवाळीच्या सुटीत गाडी काढली जाते, हिरवा डोंगर दिसतो, पायथ्याशी विक्रीचा फलक दिसतो आणि पंधरा दिवसांत विसार दिला जातो. जवळचे शहर कोणते, ते किती अंतरावर आहे आणि त्या शहरात काय मिळते, हे प्रश्न घराचा पाया भरून झाल्यावर पुढे येतात.

वास्तविक गाव कितीही स्वयंपूर्ण वाटले तरी दवाखाना, बँक, कनिष्ठ महाविद्यालय, तहसील कचेरी आणि नळाचा वायसर या साऱ्यांसाठी ते कोणत्या ना कोणत्या शहराशी बांधलेले असते. त्यामुळे आधी शहर ठरवावे आणि नंतर त्याच्या परिघातील गाव शोधावे, हा क्रम हिताचा ठरतो. राज्यभरात असे पर्याय अनेक असले, तरी मुंबई-पुणेकरांचा ओढा प्रामुख्याने पुणे-कोल्हापूर महामार्गालगतची शहरे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग यांकडे असल्याने येथे त्याच पट्ट्याचा विचार केला आहे.

रुग्णालय किती दूर?

साठीच्या उंबरठ्यावरील दांपत्यासाठी पहिली कसोटी निसर्गाची नसून रुग्णालयाची आहे. या कसोटीवर मिरजेसारखे शहर क्वचितच सापडेल. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि तेव्हापासून वैद्यकनगरी ही मिरजेची ओळख बनली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथे आहे. सांगली अवघ्या दहा किलोमीटरवर असून १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकच महापालिका आहे. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने मुंबई-पुण्याकडे जाणे-येणेही सोपे पडते. तरीही निसर्गरम्य स्थळांच्या यादीत मिरजेचे नाव सहसा कोणी घेत नाही. कऱ्हाडचेही तसेच. महामार्गावरच्या या मध्यम शहराला वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले मोठे रुग्णालय लाभले आहे, आणि त्याचा आधार पाटणच्या डोंगराळ भागापर्यंत पोहोचतो. भूकंपाची नोंद मात्र येथे घ्यावी लागते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने हादरलेल्या या परिसरात घर बांधताना स्थापत्य अभियंत्याचा सल्ला टाळू नये.

दक्षिण कोकणातील चित्र याहून वेगळे आहे. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले यांची मोहिनी निर्विवाद. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आणून ठेवली. सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. परंतु गुंतागुंतीच्या आजारात येथील रुग्णाला आजही बऱ्याचदा गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागते. पावसाळ्यात आंबोली, फोंडा किंवा करूळ घाटात दरड कोसळली, की यातील एक वाट बंद होते. हृदयविकार असलेल्या किंवा नियमित डायलिसिसवर असलेल्या व्यक्तीने समुद्रकाठच्या एकांताचा मोह आवरलेला बरा. उत्तर रत्नागिरीत चिपळूणजवळील डेरवणच्या रुग्णालयाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. ती सेवा त्या गावात प्रत्यक्ष किती वेळात पोहोचते, याची चौकशी गावातील दोन-तीन घरांत करावी. जमिनीच्या दलालाकडे ती करू नये. दुसरी बाब अनेकदा बोललीच जात नाही. घरात मोटार चालवणारी व्यक्ती एकच असेल आणि ती अंथरुणाला खिळली किंवा राहिलीच नाही, तर मागे राहणाऱ्या जोडीदाराचे त्या घरात काय होईल? शहरापासून सात-आठ किलोमीटरच्या आत, रिक्षा मिळणाऱ्या गावात हा प्रश्न निभावतो. पंचवीस किलोमीटरवरच्या वाडीत बहुधा तेच घर पडेल किमतीला विकावे लागते.

मे महिन्यात एकदा, जुलैमध्ये एकदा

सातारा जिल्हा हे पाण्याच्या विषमतेचे ठळक उदाहरण आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपासच घुटमळतो. जिल्हा एकच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला काही तासच पुरतात. पण विहिरीला पाणी किती लागेल, याचे गणित पूर्ण निराळे. ‘सातारा जिल्ह्यात स्वस्त जमीन’ अशी जाहिरात वाचली, की ती कोणत्या तालुक्यात आहे हे आधी पाहावे.

पाऊस भरपूर म्हणून पाणी भरपूर, हा समजही कोकणात फसतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जाते, उरलेले तीव्र उतारावरून समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर दाखवून केलेला व्यवहार मे महिन्यात रडवतो. शेजारच्या विहिरींचा तळ मे महिन्यात पाहावा, पाणी किती फुटांवर आहे ते विचारावे, आणि नळयोजना असल्यास पाणी किती दिवसांआड येते याची खात्री करावी.

जुलैची फेरी पुरासाठी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. त्याआधी २००५ चा महापूर होताच. म्हणजे सोळा वर्षांत तीनदा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो : २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. जागा या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावरून कळते. तरीही गावातील देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवरची पुराची खूण स्वतः पाहून यावी. शिरोळ तालुक्यातील किंवा करवीर तालुक्यातील आंबेवाडी-चिखलीच्या ग्रामस्थांना कोणत्या साली पाणी कुठवर आले, हे तोंडपाठ असते.

डोंगर-उताराची जागा पुरापासून सुरक्षित, पण तिचा धोका वेगळा आहे. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये तसेच पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव, २०२३ मध्ये इर्शाळवाडी, अशी दरडींनी गिळलेल्या वस्त्यांची नावे विसरण्याजोगी नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली, त्याच दिवशी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. ‘व्हॅली व्ह्यू’ असे नाव देऊन जेसीबीने उतार कापून सपाट केलेले भूखंड पाहताना कापलेल्या दरडीला संरक्षक भिंत आहे का, पावसाचे पाणी कोठून वाहते, एवढे तरी नजरेखालून घालावे.

हद्दीच्या आत की बाहेर?

शहराच्या हद्दीबाहेर एक पाऊल टाकले, की भूखंड स्वस्त होतो आणि घरपट्टीही कमी होते. कोल्हापूरकरांना हे नीट ठाऊक आहे. १९७२ साली महापालिका स्थापन झाली. तेव्हापासून हद्दवाढीचा विषय वरचेवर पेटतो आणि भोवतालची गावे त्याला कडाडून विरोध करतात. दरम्यान उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कंदलगाव ही गावे दिसायला उपनगरे झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा राहिला. दक्षिणेकडील ही उंचावरची गावे पंचगंगेच्या पुराच्या तडाख्यापासून दूर असली, तरी पाणीटंचाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. थोडक्यात, कोल्हापूरभोवती जागा शोधणाऱ्याला सखलात पुराची आणि उंचावर टंचाईची धास्ती. यांतील कोणती परवडेल, हे ज्याचे त्याने ठरवायचे. साताऱ्यात शाहूपुरी, विलासपूरसारखा परिसर २०२० च्या हद्दवाढीने नगरपालिकेत आला. आज ग्रामपंचायतीत असलेले घर उद्या नगरपालिकेत जाऊ शकते, हे गृहीत धरूनच परवानग्यांची कागदपत्रे जपून ठेवावीत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

विजेबाबत एक बारकावा शहरी माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. महावितरणने अनेक ठिकाणी गावठाणाची आणि शेतीपंपांची वाहिनी वेगळी केली आहे. गावठाणातील घराला चोवीस तास वीज, तर शेतीच्या वाहिनीवर तीन फेज वीज ठरावीक तासांपुरती, कधी दिवसा तर कधी रात्री. शेतात बांधलेला बंगला कोणत्या वाहिनीवर येणार, हे खांब पाहून कळत नाही. जवळच्या उपकेंद्रात विचारावे. संगणकावर काम करणाऱ्या कुटुंबासाठी तर हा प्रश्न इंटरनेटच्याही आधीचा आहे.

आणखी एक सोपी परीक्षा : गावात मुक्कामी एसटी येते का? जेथे रात्रीची गाडी वस्तीला थांबून पहाटे शहराकडे निघते, तेथे दुधवाला, विद्यार्थी आणि रुग्ण यांची शहराशी नाळ जुळलेली असते. शाळांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. पाचवीपर्यंतची सोय बहुतेक गावांत आहे, अकरावी-बारावीसाठी मात्र शहर गाठावेच लागते. मुले लहान असतील तर वाई, सातारा, कऱ्हाड यांसारख्या ठिकाणी शहरातच राहणे शहाणपणाचे.

सातबाऱ्याची परीक्षा

सर्वाधिक फसवणूक होते ती जमिनीत. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. असा व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर ज्यांचे नाव लागलेले आहे, त्यांनी शेतकरी असल्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. ज्यांचे नाही, त्यांनी बिनशेती भूखंड, गावठाणातील जुने घर किंवा सदनिका यांचाच विचार करावा.

‘शेतघर’ या गोंडस नावाखाली एक-दोन एकरांचे पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे पाडून, दहा-पंधरा जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर लावण्याची पद्धत फोफावली आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. असा तुकडा ताब्यात आला तरी नकाशावर त्याला स्वतंत्र हद्द नसते आणि पुढे विकताना वा कर्ज काढताना अडचणी उभ्या राहतात. नोटरीसमोर मुद्रांकावर केलेला करार म्हणजे खरेदीखत नव्हे, हे तर वेगळे सांगायला नको. तरी आयुष्याची पुंजी त्यावर लावणारे भेटतातच. तुकडेबंदी आणि बिनशेतीच्या नियमांत अलीकडे बदल झालेले असल्याने ‘आता सगळे चालते’ असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. दुय्यम निबंधक कार्यालयात आणि तहसिलात आजचा नियम विचारावा, तर नगररचना कार्यालयातून जागेचा झोन दाखला घ्यावा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथील बांधकामावरील निर्बंध कडक आहेत.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, इतर हक्कात कूळ, बोजा किंवा वाद नोंदला आहे का, जुने फेरफार काय सांगतात, हे वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेऊन तपासावे. कोकणात सामायिक सातबाऱ्याची गुंतागुंत मोठी. एका खातेउताऱ्यावर पंधरा-वीस नावे आणि त्यांतील निम्मे चाकरमानी मुंबईत! एका हिस्सेदाराची सही राहिली तरी व्यवहार वर्षानुवर्षे कज्ज्यात अडकतो. जमिनीपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या भलेपणावर चालू आहे, हेही पाहावे. बांधावरून वाटेच्या हक्कासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण गावात पाऊल ठेवताच पहिली ओळख अर्जदार म्हणून व्हावी, असे कोणाला वाटेल?

या साऱ्यावर एक उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. निवडलेल्या शहरात निदान एक वर्ष भाड्याने राहावे. महानगरातील घर तोवर विकू नये. सातारा, मिरज किंवा कुडाळात भाडे मुंबई-पुण्याच्या मानाने माफक असते, आणि या वर्षात एक मे महिना व एक जुलै महिना आपोआप पदरात पडतो. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, कोणता डॉक्टर रात्री दार उघडतो, कोणत्या रस्त्यावर पाणी येते, हे तोवर कळलेले असते. एप्रिल-मेमध्ये भाड्याने जागा घेतली तर दोन्ही ऋतू पहिल्या तीन महिन्यांतच पाहून होतात आणि जमिनीचा शोध दसऱ्यापासून निश्चिंतपणे सुरू करता येतो.