स्त्रीसोंग व रूपपालट (महाड-पोलादपूर)

पुरुष नटाने लोकनाट्यात उभी केलेली बाई म्हणजे स्त्रीसोंग. सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे (१९८१ पर्यंत कुलाबा) दक्षिणेकडचे तालुके. कशेडी घाट उतरला की खेड लागते. घाटाच्या दोन्ही अंगांना जाखडी आणि नमन-खेळे यांची परंपरा आहे. मुंबईत पोटासाठी गेलेल्या चाकरमान्यांनी ती गिरण्यांच्या वस्तीत नेली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात तिचे प्रयोग वर्षानुवर्षे रंगले. बाईचे रूप घेतलेला राक्षस किंवा देव, आणि त्या बाईचे सोंग घेतलेला पुरुष, असा दुहेरी पालट या खेळांत घडतो. या नोंदीचा विषय तोच आहे.

रूप बदलणाऱ्या बाईची धास्ती गावच्या भुताखेतांतही आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून माहिती जमवली होती. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाली. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ती संकलित केली आणि कोकणच्या लोकसमजुतींचा तो ग्रंथ १९१५ मध्ये निघाला. त्यात हडळ, जखीण, लावसट यांची वर्णने आहेत. हडळ पुढून भरल्या अंगाची, पाठीमागून नुसता सापळा. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. पुरुषांच्या भुतांत मुंजा, समंध, खवीस असे प्रकार असले, तरी देखण्या रूपाने भुलवण्याचे काम समजुतीने बाईच्याच माथी मारले आहे. जपानी कथांतल्यासारखे कोल्ह्याला मात्र इथे रूप पालटता येत नाही. तो लबाड, एवढेच. ऊन-पाऊस एकदम आला की कोल्ह्याचे लग्न लागते, असे मुले म्हणतात. जपानातही अशा पावसाला कोल्ह्याची वरातच म्हणतात.

नमनात गण झाला की गौळण येते. नऊवारीचा काष्टा, खोपा, पायांत चाळ असा गौळणींचा थाट असतो आणि त्यांच्यासोबत मावशी. मावशी करणारा नट आपले पुरुषपण झाकतच नाही. घोगरा आवाज, ढांगा टाकत चालणे, कमरेवर हात. लोक हसतात ते याच उघडेपणाला. पुढे आख्यानात पूतना आली की त्याच लुगड्याचा अर्थ बदलतो. पूतना ही राक्षसीण. ती सुंदर बाईचे रूप घेऊन गोकुळात शिरते आणि तान्ह्या कृष्णाला विषारी स्तन देते. मराठीत तिलाही मावशीच म्हणतात. इथे नटाला हसू चालत नाही. पदर सावरणे, मूल मांडीवर घेणे, त्याच्याकडे पाहणे हे सगळे खऱ्या आईचे वाटले पाहिजे, नाहीतर मरताना फुटणाऱ्या आरोळीत जीव राहत नाही. भागवत सांगते की मारायला आलेल्या पूतनेलाही कृष्णाने आईची गती दिली, कारण तिने त्याला पाजले होते. घेतलेले रूप खरे ठरते, हा या कथेचा गाभा आहे आणि स्त्रीसोंगाची खरी कसोटीही तीच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भस्मासुराच्या आख्यानात उलट देवच बाई होतो. विष्णूची मोहिनी नाचते, असुर तिच्या हालचालींची नक्कल करतो, तिने हात डोक्यावर ठेवताच तोही ठेवतो आणि भस्म होतो. दक्षिणेकडे सिंधुदुर्गच्या दशावतारात रिद्धी-सिद्धीपासून मोहिनीपर्यंत साऱ्या स्त्रिया पुरुषच करत आले. ओमप्रकाश चव्हाण यांचे नाव या भूमिकांसाठी घेतले जाते.

जपानची तुलना इथे कामाची आहे. तिकडे काबुकी या नाट्यप्रकाराची सुरुवात ओकुनी या स्त्रीने १६०३ च्या सुमारास केली. १६२९ मध्ये सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली आणि स्त्रीभूमिका करणारे ‘ओन्नागाता’ पुरुष घडले. १७३४ च्या एका बाहुलीनाट्यातली आणि पुढे काबुकीत आलेली कुझुनोहा ही माणसाची बायको झालेली कोल्ही आहे. ओळख उघडी पडल्यावर ती मुलाला सोडून जाते. जाताना ती कागदी पडद्यावर निरोपाची कविता लिहिते. नट कुंचला कधी डाव्या हातात, कधी दातांत धरतो आणि बाईतली कोल्ही त्या अक्षरांतून दिसू लागते. कुझुनोहा खरी आई असूनही तिला जावे लागते, तर पूतनेचे आईपण तिच्या मरणानंतर मान्य होते.

जाखडीत स्त्रीपुरुषांचा हा प्रश्न वादाच्या रूपाने येतो. ढोलकीवाला आणि गायक मधे बसतात, चाळ बांधलेले नाचे भोवती फेर धरतात. शक्तीवाले आदिमायेचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा, आणि पुराणातले दाखले देत सवाल-जवाब रात्रभर चालतात. मायेची बाजू मांडणारे शाहीर पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच होते. अलीकडे महिला शाहीरही सवाल-जवाबांच्या बारीला उभ्या राहतात आणि अनेक मंडळांत गौळणी मुली करतात. मावशीचे काम अजूनही बहुधा पुरुषाकडेच असते.