रतीब आणि बाटली : मुंबईच्या दुधाची साक्ष

जुन्या वस्तूंच्या संग्रहांत कधी कधी जाड काचेची, रुंद तोंडाची दुधाची बाटली दृष्टीस पडते. ती पाहणाऱ्याच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ही बाटली घरोघरी वापरली गेली, परंतु कोणत्याच घराच्या मालकीची नव्हती. रिकामी दिल्याखेरीज भरलेली मिळत नसे. म्हणजे आज संग्रहात दिसणारी प्रत्येक बाटली ही खरे तर परत न गेलेली बाटली होय. तिच्या या फेऱ्यांतच मुंबईच्या दुधाचा इतिहास सामावलेला आहे.

बाटलीपूर्वी दूध येई ते रतिबाने. गवळी दारात उभा राही, चरवीतून माप भरी आणि माप ओतून झाल्यावर वरून थोडी धार सोडी. या व्यवहाराचा आधार ओळखीचा होता. दुधात पाणी किती, हा संशयही त्या ओळखीचाच एक भाग होता. हे दूध शहरातल्याच तबेल्यांतून येई. दूरच्या प्रांतांतून उत्तम जातीच्या म्हशी आणल्या जात. शहरात भाकड जनावर पोसणे परवडत नसल्याने, आटलेली म्हैस बहुधा कसायाकडे जाई. शहराची तहान अशा रीतीने गावांतील उत्कृष्ट पशुधन गिळीत होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराची वस्ती वाढली आणि दुधाचा प्रश्न सरकारपुढे आला. १९४५ साली खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईस पुरविण्याची व्यवस्था पोल्सन या खासगी कंपनीमार्फत झाली. शेतकऱ्यांच्या पदरी पडणाऱ्या भावाविषयी असंतोष वाढला. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा येथे मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली, दूध न देण्याचा निर्धार अमलात आला आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. पुढे ‘अमूल’ या नावाने देशभर ओळखल्या गेलेल्या चळवळीचा उगम असा मुंबईच्या दुधाच्या मागणीत आहे.

मुंबईत दारा खुरोडी यांनी वेगळा मार्ग धरला. म्हशी शहराबाहेर नेणे, दूध यंत्राने निर्जंतुक करणे आणि मोहोरबंद बाटलीतून ते विकणे, हे त्या मार्गाचे तीन टप्पे होते. गोरेगावजवळ १९४९ साली उभारणीस लागलेल्या आरे दूध वसाहतीचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. म्हशीच्या स्निग्ध दुधात भुकटी आणि पाणी मिसळून तयार केलेले ‘टोन्ड’ दूध कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही परवडू लागले. या दुधाच्या नावाचे श्रेयही खुरोडींनाच दिले जाते. पत्र्याच्या पातळ झाकणाची ती बाटली म्हणजे शासनाने नागरिकास दिलेले वचन होते. गवळ्याच्या ओळखीची जागा आता झाकणाने घेतली. दूधकेंद्रावरची पहाटेची रांग आणि हातातले कार्ड हे या नव्या नात्याचे चिन्ह बनले.

मात्र या वचनाची दुसरी बाजू खेड्याला जाणवत होती. हिवाळ्यात दूध उदंड होई, तेव्हा चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला ते सारे नको असे. या अतिरिक्त दुधाची भुकटी आणि लोणी करण्यासाठी १९५५ साली आणंद येथे कारखाना उभा राहिला. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांना एकत्र मिळाला. ग्राहकाकडून विचार करणारी आणि उत्पादकाकडून विचार करणारी अशा दोन दृष्टी त्या एका सन्मानात एकत्र आल्या. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने त्यांपैकी दुसरी दृष्टी देशभर नेली.

कालांतराने प्लास्टिकची पिशवी आली आणि परत देण्याची सवय गेली. शहरातले तबेले पूर्णतः हटले नाहीत. आरेचे नाव २०१९ साली गाजले ते दुधामुळे नव्हे, तर मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या झाडांमुळे. ज्या जमिनीवर शहराने आपला दूधप्रश्न नेऊन ठेवला, तीच जमीन शहराला आता वेगळ्या कारणांसाठी हवी होती. संग्रहातली बाटली आज रिकामीच आहे. ती परत घेणारे केंद्र मात्र उरलेले नाही.