पाकिटातल्या तक्त्याची कुळकथा

सप्टेंबर १९५८. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात पोस्टमनने वाटलेल्या पाकिटांतून चक्क उधारीची कार्डं निघाली. बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० लोकांना, कुणीही अर्ज केलेला नसताना, ‘बँकअमेरिकार्ड’ धाडलं होतं. हेच कार्ड पुढे ‘व्हिसा’ झालं. थकबाकी चार टक्क्यांच्या आसपास राहील असा बँकेचा अंदाज होता. ती बावीस टक्क्यांवर गेली.

तरीही इतर बँकांनी तोच कित्ता गिरवला. १९६६च्या नाताळाआधी शिकागोच्या बँकांनी लाखो कार्डं टपालात सोडली. काही लहान मुलांच्या नावे गेली, काही मेलेल्या माणसांच्या. कितीतरी कार्डं वाटेतच चोरांच्या हाती लागली. अखेर १९७०मध्ये अमेरिकी काँग्रेसने न मागितलेलं कार्ड पाठवण्यावर बंदी घातली, आणि चोरीच्या कार्डाचा भुर्दंड ग्राहकाला ५० डॉलरपेक्षा जास्त बसू नये असंही ठरवलं. (भारतात रिझर्व्ह बँकेचे नियम याहून कडक आहेत: न मागता दिलेल्या कार्डाचं बिल लावलं, तर ते रद्द करून वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो.)

कार्ड थांबलं, ‘कार्ड घ्या’ म्हणणारं पत्र सुरू झालं. १९७८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्केट नॅशनल बँक खटल्यात निकाल दिला की, बँक ज्या राज्यात आहे तिथला व्याजदर ती इतर राज्यांतल्या ग्राहकांनाही लावू शकते. सिटीबँकेने पुढे आपला कार्डांचा कारभार व्याजावरची मर्यादा उठवलेल्या साउथ डकोटात हलवला. आता एकच पत्र देशभर पाठवता येऊ लागलं. पतमाहिती ठेवणाऱ्या संस्थांच्या नोंदींतून नावं निवडायची आणि पाकिटावर ‘प्री-अप्रूव्ह्ड’ छापायचं! कर्जमर्यादेचा आकडा ठळक, व्याज आणि फी मात्र मागच्या बाजूला बारीक अक्षरांत.

या बारीक अक्षरांवरचा उतारा म्हणजे आजचा तक्ता. १९८८च्या कायद्याने व्याजदर, वार्षिक फी, व्याजमुक्त मुदत या गोष्टी पत्राबरोबर एका चौकटीत छापणं सक्तीचं केलं. न्यूयॉर्कचे तेव्हाचे प्रतिनिधी चार्ल्स शूमर यांनी तो लावून धरला, म्हणून आजही ती ‘शूमर बॉक्स’ म्हणून ओळखली जाते. पुढे २०००मध्ये फेडरल रिझर्व्हने खरेदीवरच्या व्याजदराच्या अक्षरांचा आकारही ठरवून दिला: किमान १८ पॉइंट.

पत्र हाती आलं की आधी ही चौकटच वाचावी. समजा, दुसऱ्या कार्डावरचे ५,००० डॉलर १५ महिने शून्य टक्क्याने इकडे वळवा, असं आमंत्रण आहे. चौकटीत बॅलन्स ट्रान्सफरची फी ३ टक्के दिसते. म्हणजे पहिल्याच दिवशी १५० डॉलर वाढले. एकूण ५,१५० डॉलर मुदतीत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३४३ डॉलर बाजूला काढावे लागतील. तेवढे निघत नसतील, तर उरलेल्या रकमेला शून्याच्या शेजारीच छापलेला नेहमीचा दर लागणार. खरा भाव तो.

पूर्वी याहून वाईट होतं. भरलेले पैसे बँका आधी स्वस्त दराच्या बाकीत जमा करत आणि महाग बाकीवर व्याज चढत राही. २००९च्या कार्ड कायद्याने किमान हप्त्यावरची रक्कम सर्वांत महाग बाकीत जमा करायला लावली. सवलतीचा दर निदान सहा महिने टिकलाच पाहिजे, आणि हप्ता ६० दिवस थकल्याशिवाय तो काढून घेता येणार नाही, हेही त्यातच आलं.

दुकानांच्या कार्डांवरची ‘१२ महिने व्याज नाही’ ही योजना मात्र अजूनही जपून वाचावी लागते. तिथे व्याज माफ नसतं, नुसतं राखून ठेवलेलं असतं. १,२०० डॉलरचा फ्रिज घेतला, दरमहा नेमाने पैसे भरले आणि वर्ष संपताना ५० डॉलर राहिले, तर व्याज त्या पन्नासावरच लागत नाही. खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं एकदम अंगावर येतं. दर २५ टक्के असेल, तर ते दीडशे डॉलरच्या वर जातं.